चपाती सुटली, पीठ सुटलं नाही

ग्लुटेनबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रं कोल्हापूर शहरातली आणि जिल्ह्यातली आहेत, त्यामुळे उत्तरंही इथल्या स्वयंपाकघराला धरूनच दिली आहेत.

आधी थोडं मूळचं. कणकेचा गोळा नळाखाली धरून चोळत राहिलं तर पांढरं पाणी निघून जातं आणि शेवटी हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो ग्लुटेन. गहू, जव आणि राय या तीन धान्यांत तो असतो. सिलियाक आजार असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेला की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषून घेणारं तिथलं मखमली अस्तर झिजून सपाट होतं. मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. जोंधळा, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी यांत हा ग्लुटेन मुळातच नाही. म्हणजे भाकरी, आमटी, भात, झुणका हे आपलं ताट निम्म्याहून जास्त आधीच बरोबर आहे. त्या ताटात गव्हाचं पीठ कुठून कुठून शिरतं, हेच खरं शिकायचं असतं.

वर्षभर पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, रक्त कमी होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून तीन आठवडे चपाती-ब्रेड बंद केला आणि बरं वाटायला लागलं. आता तपासणीची गरज आहे का?
— वाचक, राजारामपुरी

गरज आहे, आणि ती आधी करायला हवी होती. सिलियाकची पहिली तपासणी रक्ताची असते. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए असं तिचं नाव, लॅबमध्ये तिला टीटीजी म्हणतात. ग्लुटेन पोटात जात असताना शरीर ज्या प्रतिपिंडांची निर्मिती करतं, तीच यात मोजली जातात. गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. आतड्याचा तुकडा काढून होणाऱ्या तपासणीचंही तेच, अस्तर भरून आलं असेल तर काही दिसत नाही.

तुमचे तीनच आठवडे झालेत, त्यामुळे रक्ताची तपासणी लगेच करून घ्या. ती स्पष्ट वाढलेली आली तर पुढचा रस्ता सोपा. कोरी आली तर मात्र पोटविकार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पुन्हा गहू सुरू करावा लागतो, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत, किमान सहा आठवडे, आणि मग पुन्हा तपासणी. हे कुणालाच आवडत नाही. पण नुसत्या अंदाजावर जन्मभराचं पथ्य ओढवून घेण्यापेक्षा ते बरं.

टीटीजीबरोबर ‘टोटल आयजीए’ आवर्जून सांगा. आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, टीटीजीत त्याच प्रकारची प्रतिपिंडं मोजतात. सिलियाकच्या शंभर रुग्णांत दोन-तीन जणांच्या शरीरात आयजीएच फार कमी तयार होतं. त्यांची टीटीजी कमी येते आणि डॉक्टर-रुग्ण दोघंही निर्धास्त होतात. टोटल आयजीए कमी निघालं तर आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची तपासणी करतात. मोठ्या माणसांत रक्तात सापडल्यावर एंडोस्कोपीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तुकडे घेतात. ते एक-दोन नकोत, चार ते सहा हवेत, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, ठिगळाठिगळाने होते.

निदान कागदावर असण्याचा फायदा पुढे कळतो. सिलियाक असेल तर चिमूटभर पीठही चालत नाही आणि घरच्यांच्याही तपासण्या कराव्या लागतात. गव्हाची ॲलर्जी असेल तर तो वेगळाच आजार, त्याची धावपळ वेगळी. आणि नुसतं गहू पचायला जड जात असेल तर इतकं कडक पथ्य लागतही नाही.

पाहुण्यांच्या शेतातली खपली येते. जुना गहू आहे, त्याचा त्रास होत नाही असं घरात म्हणतात. सिलियाकवाल्याला चालेल का?
— वाचक, जयसिंगपूर

नाही. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. देशी, बन्सी, जात्यावर दळलेला, सेंद्रिय, कुठलाही गहू असला तरी उत्तर हेच. रवा, मैदा, शेवया, दलिया, गव्हाचं सत्त्व हेही त्यातच. सातूच्या पिठाची विशेष चौकशी करा, कारण आपल्याकडे त्यात बहुधा गहू किंवा जव असतो. कुरडईबद्दल बऱ्याच जणी विचारतात. गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक निघतो त्यात बहुतांश स्टार्च असतो हे खरं. पण घरच्या गाळण्यातून सगळा ग्लुटेन कधीच निघत नाही. कुरडई बंद. तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या चिकवड्या करा.

सहा वर्षांच्या मुलीला सिलियाक निघाला. घरात सात माणसं, बाकीच्यांना चपाती लागते. तिच्यासाठी ज्वारी वेगळी आणते आणि गल्लीतल्या गिरणीतून दळून आणते. गिरणीवाले दादा आधी पाव किलो तांदूळ फिरवून घेतात. तेवढं पुरेसं आहे ना?
— वाचक, शिवाजी पेठ

ताई, पुरेसं नाही. या एका गोष्टीवरच आम्ही सगळ्यात जास्त लिहिणार आहोत, कारण पथ्य मनापासून पाळूनही मुलांचं वजन वाढत नसेल तर त्याचं एक नेहमीचं कारण हेच दळण असतं.

आधी हिशोब बघा. एका मध्यम चपातीत साधारण ३० ग्रॅम पीठ, त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन, म्हणजे २,५०० मिलिग्रॅम. सिलियाकच्या माणसाला दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं मानतात, आणि रोज ५० मिलिग्रॅम जात राहिलं तर आतडं झिजतं. चपातीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे दिवसाची हद्द. पिठाच्या भाषेत सांगायचं तर ग्रॅमचा आठवा हिस्सा, चिमटीतसुद्धा नीट भरणार नाही इतकं.

आता गिरणीत काय होतं ते बघा. दगडांच्या फटीत, धान्य ओततात त्या पेटीच्या कोपऱ्यांत आणि पीठ बाहेर पडतं तिथे बांधलेल्या कापडी पिशवीत मागच्या गिऱ्हाइकाचं पीठ बसलेलं असतं. पाव किलो तांदळाने त्यातलं सुटं पीठ निघतं, चिकटलेलं निघत नाही. ते तुमच्या ज्वारीबरोबर थोडंथोडं सुटत राहतं. शिवाय गिरणीत हवेतही गव्हाचं पीठ उडत असतं आणि उघड्या डब्यावर बसतं. दादांचा यात काही दोष नाही. ती गिरणी गव्हाची आहे, एवढंच.

उपाय घरघंटी. नवीच घ्या, गव्हावर चाललेली जुनी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. आणि घेतल्यावर तिच्यात एकदाही गहू टाकायचा नाही, घरात कितीही घाई असली तरी. तिच्यावर सरळ लिहून ठेवा. घरघंटी लगेच जमत नसेल तर गव्हाचं काहीही न वाटलेलं मिक्सरचं वेगळं भांडं घ्या. तांदूळ धुऊन, चार तास भिजवून, निथळून, फडक्यावर सावलीत सुकवा आणि हाताला जरा ओलसर लागत असतानाच थोडेथोडे फिरवून नव्या चाळणीने चाळा. हे पीठ दमट असतं, म्हणून त्याच दिवशी वापरा. ज्वारीचं पीठ मिक्सरवर तितकं बारीक होत नाही. आंबील, घावन, थालीपीठ यांना चालतं, पण भाकरी फाटते.

ज्वारी आणतानाही पाहून आणा. शाळू आणि गहू दोन्ही रब्बीची पिकं, पुष्कळदा एकाच मळणी यंत्रातून निघतात, त्यामुळे पोत्यात गव्हाचे दाणे असतातच. लक्ष्मीपुरीतल्या दुकानांत उघडी पोती शेजारीशेजारी असतात आणि माप एकच फिरतं. बंद पोतं घ्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घ्या. घरी आणल्यावर ताटात एका थरात पसरून निवडा. शाळूचा दाणा गोल, मोत्यासारखा. गव्हाचा लांबट आणि मधे चीर असलेला, तो डोळ्यांना लगेच दिसतो. ढिगात हात फिरवून निवडू नका, खालचे दाणे राहतात. निवडल्यावर दोन पाण्यांतून धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, म्हणजे वरची धूळ जाते. सूप वेगळं ठेवा. राधानगरी, आजरा, चंदगडकडून नाचणी आणि तांदूळ येत असेल तर काम जरा हलकं होतं, कारण तिथे डोंगरात गहू कमी. तरी निवडणं चुकवू नका.

स्वयंपाकघर दोन करायची गरज नाही, पण काही वस्तू दोन हव्यातच: पिठाची चाळण, लाकडी पोळपाट-लाटणं, काठवट, उलथणं, तवा. चाळणीच्या जाळीतलं आणि लाकडाच्या चिरांतलं पीठ घासून जात नाही. बिडाच्या तव्याच्या तेलकट थरातही ते बसून राहतं. स्टीलची परात, पातेली, ताटं, वाट्या मात्र साबणाने नीट घासल्या की चालतात, फक्त घासणी वेगळी. कणकेच्या परातीची घासणी मुलीच्या ताटाला लावू नका.

मुलीच्या भाकरी आधी करा, झाकून ठेवा, मग कणीक काढा. उलटं झालं तर ओट्यावर आणि हवेत पीठ असतं. तिचे डबे वरच्या फळीवर आणि गव्हाचा डबा खाली, कारण पीठ सांडलं तर खालीच पडतं. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: तुपाचं भांडं आणि लोणच्याची बरणी. चपातीवर तूप सोडून तोच चमचा परत भांड्यात गेला की तूप बाद. तिचं तूप, लोणचं, शेंगदाण्याची चटणी वेगळी काढून ठेवा.

शाळेत डबा बदलून खाऊ नये हे तिला भीती न घालता समजवा. सहा वर्षांच्या मुलांना हे नीट कळतं. वर्गातल्या बाईंना लेखी कळवा. वाढदिवसाच्या केकच्या दिवशी देण्यासाठी राजगिऱ्याचे लाडू किंवा गूळ-शेंगदाण्याची चिक्की बाईंकडे आधीच ठेवा. खेळायच्या मऊ रंगीत गोळ्यात (प्ले-डो) पुष्कळदा मैदा असतो. तो खेळून झाल्यावर हात धुणं महत्त्वाचं.

भाकरी जमत नाही. थापतानाच कडा फुटतात, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. माहेरी चपात्याच व्हायच्या. काय चुकतं?
— वाचक, इचलकरंजी

कणीक ताणली जाते ती ग्लुटेनमुळे. ज्वारीत तो नाही, म्हणून तिथे चिकटपणा पिठातल्या स्टार्चकडून काढून घ्यावा लागतो, आणि स्टार्च चिकट होतो तो गरम पाण्याने. चूक बहुधा तीन ठिकाणी होते.

पहिली, पीठ जुनं. दळून आठ-दहा दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी फाटणारच. बाजरीचं तर त्याआधीच कडू होतं. एका वेळी आठवड्यापुरतंच दळा.

दुसरी, पाणी कोमट. दोन वाट्या पिठाला सव्वा ते दीड वाटी पाणी लागतं, पीठ किती कोरडं आहे त्यावर. पाणी खळखळ उकळू द्या, चिमूट मीठ घाला, गॅस बंद करून त्यात दीड वाटी पीठ ओता, चमच्याने ढवळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मग परातीत काढून हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळव्याच्या टाचेने दाबत, पुढे ढकलत मळा. उरलेलं अर्धी वाटी पीठ लागेल तसं मिसळा. चार ते पाच मिनिटं मळणं हवंच. गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ लागला आणि बोट दाबल्यावर कडेला चीर पडली नाही की तो तयार. चीर पडली तर ओल्या हाताने अजून मळा.

तिसरी, सगळ्या गोळ्याच्या भाकरी एकदम करायला घेणं. दर भाकरीला तेवढाच गोळा घेऊन पुन्हा अर्धा मिनिट मळा, बाकीचा ओल्या फडक्याखाली. परातीत पीठ भुरभुरून बडवताना बोटं कडेकडेने फिरवा, मधे जोर नको. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी पिठाची बाजू वर ठेवून टाका, लगेच वर पाणी फिरवा, पाणी सुकत आलं की पण पूर्ण वाळायच्या आत उलटा. खालची बाजू भाजली की थेट आचेवर. पाणी लावायला उशीर झाला किंवा ते पूर्ण वाळलं तर भाकरी फुगत नाही आणि वर भेगा पडतात. हात बसेपर्यंत उकडीचा गोळा दोन प्लास्टिक कागदांत लाटला तरी चालतं. मऊ डब्यासाठी निम्मं तांदळाचं पीठ घाला.

बाजारच्या तयार ‘मल्टिग्रेन’ पिठात बहुधा गहू असतो, आणि थालीपिठाच्या तयार भाजणीतही. चकलीच्या भाजणीत काही जण घालतात, म्हणून विचारा. भाजणी घरी भाजून घरघंटीवरच दळा.

वर्ष झालं, घरात गव्हाचं पीठ येत नाही. बाहेर खात नाही. तरी टीटीजी अजून वाढलेलीच आहे. डॉक्टर विचारतात, कुठून जातंय? आम्हाला सापडत नाही.
— वाचक, गडहिंग्लज

आधी हे बघा की आकडा उतरतो आहे का. सुरुवातीला फार जास्त असेल तर नेहमीवर यायला दीड-दोन वर्षंही लागतात. उतरत असेल तर घाबरू नका. एकाच जागी अडकला असेल तर हिंगाची डबी हातात घ्या.

बाजारात मिळणारा भुकटी हिंग शुद्ध नसतो. मूळ हिंग फार उग्र, म्हणून तो डिंक आणि पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीवर घटकांत ‘गव्हाचं पीठ’ असं छापलेलं असतं, फक्त हिंगाची डबी कुणी वाचत नाही. पाव ग्रॅम हिंगात निम्मं पीठ धरलं तर त्यात दहा मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन होतो. आमटी, भाजी, ताक, चिवडा, पापड, लोणचं असं दिवसभरात चार-पाच ठिकाणाहून तो पोटात जातो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, किंवा खडा हिंग आणून तुपात फुलवून घरीच कुटा.

मग वर्षाची चटणी. उन्हाळ्यात मिरची, खोबरं, कांदा, लसूण, गरम मसाले घालून जी कांडून आणतो, तिच्यात हिंग पडलेला असतो आणि एकदा कांडली की वर्षभर रोजच्या कालवणात जाते. गेल्या उन्हाळ्यात जुन्याच हिंगाने चटणी झाली असेल तर तुमचं कोडं बहुधा तिथेच सुटेल. डंकावर फक्त मसाले कांडतात की शेजारीच गव्हाची गिरणीही आहे, तेही बघा.

त्यानंतर दुधात घालायच्या पौष्टिक पावडरी. ‘माल्ट’ म्हणजे बहुधा मोड आणून भाजलेला जव. त्यात चॉकलेटची चव असली तरी तो जवच. सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्समध्ये मुळात गहू नसला तरी शेतात आणि कारखान्यात तो मिसळतो, म्हणून पहिलं वर्ष ओट्स नकोत, आणि पुढेही ग्लुटेनमुक्त असा शिक्का असलेलेच, डॉक्टरांना विचारून. बेसनसुद्धा त्याच गिरणीतून दळून आणत असाल तर प्रश्न ज्वारीचाच पुन्हा. रोजच्या गोळ्या-औषधांत कोणता स्टार्च आहे हे औषध दुकानात विचारता येतं. तो बहुधा मक्याचा असतो, तरी एकदा खात्री करा.

पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलं असेल तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. असं ३०० ग्रॅम खाल्लं तरी पोटात जास्तीत जास्त ६ मिलिग्रॅम जातं, म्हणजे हद्दीच्या आत. ‘गहू नाही’ एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही, त्यात जव असू शकतो.

हे सगळं तपासूनही आकडा हलला नाही तर आठ दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहा, प्रसादाच्या शिऱ्यासह, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सत्यनारायणाचा शिरा गव्हाच्या रव्याचा असतो. घरच्या पूजेला तो तांदळाच्या रव्याचा करा, सगळ्यांना तोच. दुसऱ्याच्या घरी प्रसाद डोळ्यांना लावून शेजाऱ्याला द्यावा, त्यात देवाचा अनादर नाही.

कोल्हापुरात राहून मिसळ आणि रस्सा कायमचा सोडायचा का?
— वाचक, मंगळवार पेठ

घरी सोडू नका, बाहेर फार जपून.

मिसळीतला ब्रेड तर गेलाच. कटात मोड आलेली मटकी, भाजलेलं खोबरं, कांदा, चटणी. इथे प्रश्न फक्त हिंगाचा. फरसाणात शेव बेसनाची असली तरी पापडी आणि शंकरपाळी मैद्याची, आणि तीच कढई कचोरी-समोशालाही असते. त्या तेलात पीठ उतरतं. घरी बेसनाची शेव पाडा, कट करा, बरोबर ज्वारीची कडक भाकरी चुरून घ्या. ती रस्सा ब्रेडपेक्षा चांगला धरते.

ब्रेडच हवा असेल तर इसबगोलाचा करा. १५ ग्रॅम इसबगोल भुसी २७० मिलिलिटर कोमट पाण्यात घालून दहा मिनिटं ठेवा, घट्ट जेली होते. ग्लुटेनचं काम तीच करते. १२० ग्रॅम तांदळाचं पीठ, ८० ग्रॅम ज्वारीचं, ५० ग्रॅम मक्याचा स्टार्च, ५ ग्रॅम कोरडं यीस्ट, १० ग्रॅम साखर, ४ ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल एकत्र करून जेलीबरोबर मळा. लहान साच्यात भरा, झाकून दीडपट होऊ द्या, मग १९० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. दुप्पट होण्याची वाट बघितली तर ओव्हनमध्ये मधे बसतो. आणि पूर्ण गार व्हायच्या आत कापला तर आत चिकट राहतो, घाई करू नका.

तांबडा आणि पांढरा रस्सा घरचा असेल तर निर्धोक. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. तांबड्यात भाजलेलं खोबरं आणि चटणी. बाहेर काही ठिकाणी रस्सा दाट करायला मैदा लावतात. वाढप्याला विचारून उपयोग नाही, आचाऱ्याला विचारा, आणि ‘गहू चालत नाही’ असं न म्हणता ‘मैदा, रवा, कणीक, ब्रेडचा चुरा यातलं काही घातलंय का’ असं विचारा. पुष्कळांना मैदा म्हणजे गहू हे चटकन सुचत नाही. गर्दीच्या वेळी विचारलंत तर खरं उत्तर मिळणार नाही, दुपारी लवकर जा. डोसा तांदूळ-उडदाचा असला तरी त्याच तव्यावर रवा डोसा होतो का, हे बघा.

लग्नाच्या पंगतीत आमचं स्पष्ट मत: घरून डबा न्या. यजमानांना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की कुणी वाईट मानत नाही.

निदान झाल्यापासून दूधही सोसत नाही. गंगावेशीत उभं राहून दूध पिणारा माणूस मी. हेही कायमचं का?
— वाचक, कोल्हापूर

बहुधा नाही. दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य आतड्याच्या त्याच झिजलेल्या अस्तराच्या टोकावर तयार होतं. अस्तर भरून आलं की ते परत येतं. मोठ्या माणसांत याला काही महिने ते दोन वर्षं लागू शकतात, मुलांत लवकर होतं. तोवर दही, ताक घ्या. तीन-चार महिन्यांनी अर्धा कप उकळलेल्या दुधाने सुरुवात करा. मधल्या काळात कॅल्शियमसाठी नाचणी, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तीळ.

हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी १२, फोलेट, डी जीवनसत्त्व, थायरॉइड या तपासण्या निदानाच्या वेळीच करून घ्या. हाडांची घनता कधी बघायची हे डॉक्टर सांगतील. नुसता भात आणि तयार ग्लुटेनमुक्त बिस्किटं खाल्ली तर लोह आणि चोथा दोन्ही कमी पडतात. त्या बिस्किटांत बहुधा स्टार्च, साखर आणि तेल एवढंच असतं. बाजरी, राजगिरा, हुलगा, मटकी, पालेभाज्या वाढवा. शेंगोळ्या नुसत्या हुलग्याच्या पिठाच्या करा, कणकेशिवाय त्या थोड्या तुटतात, पण चव तीच.

मला काही आजार नाही. वजन उतरवायला ग्लुटेन सोडू का?
— वाचक, कागल

नको. ब्रेड, खारी, टोस्ट, नानकटाई बंद केल्याने वजन उतरतं, ग्लुटेन बंद केल्याने नाही. ते पदार्थ कमी करा आणि चपाती खा.

मोठ्या मुलीला सिलियाक निघाला. आम्हा दोघांना आणि धाकट्या मुलाला काहीच त्रास नाही. तरी तपासायचं का?
— वाचक, आजरा

हो, सगळ्यांनी. आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार सापडतो, आणि कित्येकांना जुलाब-पोटदुखी काहीच नसते. त्यांच्यात तो रक्त न वाढणं, उंची न वाढणं, सतत थकवा, पुन्हापुन्हा गर्भपात, तोंड येणं, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड अशा वाटेने दिसतो. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार घरात असेल तर अधिक लक्ष द्या.

प्रत्येकाची टीटीजी आणि टोटल आयजीए करा. धाकट्याची आज कोरी आली तरी विषय संपत नाही, हा आजार कुठल्याही वयात सुरू होऊ शकतो. दोन-तीन वर्षांनी, किंवा मधेच त्याची वाढ अडली तर लगेच, पुन्हा तपासा. एकदाच होणारी एचएलए डीक्यू २ आणि डीक्यू ८ ही जनुकांची तपासणीही असते. दोन्ही नसतील तर त्याला सिलियाक होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही आणि दरवेळी सुई टोचावी लागत नाही. असतील तर मात्र त्याचा अर्थ आजार आहे असा नाही, ती जनुकं पुष्कळ निरोगी माणसांतही असतात.

रक्त देईपर्यंत धाकट्याची चपाती बंद करू नका. ताईसाठी सगळं घर भाकरीवर आणायचं ठरवलं असलं तरी त्याच्या तपासण्या आधी होऊ द्या, भाकरी त्यानंतर.